वाट बघणं संपलं!

घटस्थापनेच्या आत आमच्या दिवाळी अंकाचा शेवटचा फर्मा छपाईला गेला! ज्यांनी कधी दिवाळी अंकाच्या कामात हात घातलाय त्यांना या एका वाक्याचं मोल सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. नवरात्र म्हणजे आमच्याकडे हातघाईचे दिवस. निम्मे लेख लेखकांकडे अडकलेले, प्रूफं कुरिअरात, जाहिरातींचं मॅटर यायचंय, चित्रकार विचारतोय कथा कुठवर आली, आणि छापखान्याचे मालक रोज सकाळी फोन करून ‘पानं कधी देताय?’ म्हणतायत. यंदा त्यांचा फोन आला तो ‘पुढचा फर्मा लावू का?’ हे विचारायला. माणसं तीच, लेखक तेच, मानधनं तीच. कुणी रात्र जागवली नाही, कुणाचा रविवार गेला नाही. बदललं ते इतकंच, की सगळा अंक यंदा आम्ही सामायिक ऑनलाइन फायलींवर, सगळ्यांनी एकदम हात लावून केला.

गूगल डॉक्स, शीट्स, ट्रेलो ही नावं मला परकी नव्हती. कुणाला असतात हल्ली? लिंक आली की उघडायची, वाचायची, मिटायची. पण एक आख्खा अंक, मजकूर, चित्रं, जाहिराती, पानांची मांडणी, सगळं धरून या साधनांवर उभा करायचा म्हटल्यावर जे दिसलं, ते मी आजवर ‘काम’ म्हणून जे समजत होते त्याच्या पार पलीकडचं निघालं. तेव्हापासून भेटेल त्याला हेच सांगतेय, आणि आता लिहूनही सांगते.

आमच्या कचेरीत कुणीही सुस्त नाही. संपादक सर एका बैठकीत मोठा लेख हातावेगळा करतात. सांगलीचे आमचे मुद्रितशोधक काका, शाळेतून निवृत्त झालेले, त्यांच्या नजरेतून एक पाय मोडलेला शब्द सुटत नाही. धायरीला बसणारा मांडणीचा दादा इनडिझाइनवर पानं लावायला बसला की बघत राहावं. म्हणजे हात सगळ्यांचे भराभर चालणारे. मग दरवर्षी उशीर का व्हायचा? कारण लेखाचा सगळा वेळ हातांच्या मधल्या जागेत जायचा! सरांनी लेख संपवला, तो मेलवर पडला, काकांनी दोन दिवसांनी उघडला, छापून दुरुस्त्या केल्या, स्कॅन करून पाठवल्या, दादानं त्या वाचून पुन्हा टंकल्या, त्यातून नव्या चुका निघाल्या, मग लेखकाला प्रत पाठवायची राहिली. लेखावर प्रत्यक्ष काम होतं काही तासांचं, आणि लेख फिरतोय महिनाभर.

फ्रेडरिक टेलर नावाच्या अमेरिकन अभियंत्यानं पोलाद कारखान्यांत घड्याळ लावून मजुरांच्या हालचाली मोजल्या आणि १९११ साली ‘प्रिन्सिपल्स ऑफ सायंटिफिक मॅनेजमेंट’ हे पुस्तक लिहिलं. तेव्हापासून उत्पादकता म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकटा माणूस आणि त्याचा वेग येतो. कोण किती वेळ खुर्चीत बसला, कुणी किती पानं उरकली. पण लेख, हिशेब, आराखडा, अहवाल अशा कामांत खरी गळती एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाताना होते, आणि ती गळती कुठल्याच हजेरीपटावर दिसत नाही. ती थांबवली की तीच माणसं, त्याच वेगानं, डोळे दिपतील इतकं काम करतात. हे मी यंदा डोळ्यांनी पाहिलं.

एकच प्रसंग सांगते, त्यात सगळं आलं. राजापूरच्या एका ज्येष्ठ लेखिकेची कथा होती. त्यांना आम्ही सगळे ‘बाई’ म्हणतो. सत्तरी ओलांडलेली, पण टॅबलेट हाताशी असतो. त्यांची कथा डॉक्समध्ये घेतली आणि सगळ्यांना ‘सुचवणी’च्या परवानगीनं उघडी केली. या पद्धतीत मूळ मजकूर कुणीच थेट बदलत नाही. तुम्ही जे खोडता ते खोडलेलं दिसतं, जे घालता ते वेगळ्या रंगात दिसतं, शेजारी तुमचं नाव येतं आणि लेखकाला ‘स्वीकारा’ किंवा ‘नाकारा’ असं एका खुणेत ठरवता येतं. दुपारी काकांनी समासात लिहिलं: ‘बाई, कथेत श्रावण आहे आणि पहिल्याच परिच्छेदात आंब्याला मोहर आलाय. मोहर पौष-माघात येतो. मुद्दाम आहे का?’

बाईंचं उत्तर लगेच आलं. ‘मुद्दाम नाही हो. आठवण माघातली, कथा श्रावणातली. दोन्हींची सरमिसळ झाली. मोहर काढा. श्रावणात आमच्या गडग्यावर तेरडा असतो, जांभळा-गुलाबी. तोच घाला.’

तेवढ्यात त्याच समासात मडगावहून आमचा चित्रकार उगवला. ‘बरं झालं आत्ताच वाचलं! माझ्या कच्च्या चित्रात मोहरच होता. तेरड्याच्या पानांच्या कडा करवतीसारख्या असतात, रेषेत फार छान उतरतील.’

मग बाईंनी लिहिलं, ‘शेंगही दाखवा. हात लागला की फुटते ती. थांबा, मी मुलीच्या हातून शेंग फुटते असं वाक्यच घालते शेवटाकडे.’ आणि आमच्या डोळ्यांदेखत, राजापुरातून, ते वाक्य पानावर एकेक अक्षर उमटायला लागलं! कथेचा शेवट त्या वाक्यानं कुठच्या कुठे गेला. चहा निवायच्या आत एक चूक निघाली, दुरुस्त झाली, चित्र बदललं आणि कथा मुळापेक्षा सरस झाली. सांगली, राजापूर, मडगाव, पुणे. जुन्या पद्धतीत प्रूफ राजापूरला जाऊन परत येईपर्यंत मोहराचं चित्र रंगून तयार झालं असतं, आणि शेंगेचं वाक्य तर कुणाला सुचलंच नसतं, कारण ते सुचायला बाई आणि चित्रकार एका वेळी एका मजकुरापाशी असायला हवे होते.

त्या दिवसापासून मला एका प्रश्नानं झोप लागेना. दोघं एकाच वेळी एकाच वाक्यात लिहितायत, तर मजकुराचा चिवडा कसा होत नाही? मी खोदून खोदून वाचलं आणि जे सापडलं ते इतकं देखणं आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

समजा वाक्य आहे, ‘पाऊस थाबला होता’. काकांना ‘थांबला’ करायचंय. संगणकाच्या लेखी ही आज्ञा अशी होते: सातव्या खुणेनंतर अनुस्वार घाल. कारण युनिकोडमध्ये प, काना, ऊ, स, मोकळी जागा, थ, काना अशा ७ खुणा होतात. पण नेमक्या त्याच क्षणी मी वाक्याच्या सुरुवातीला ‘रात्रीचा’ हा शब्द घातला. र, काना, त, हलन्त, र, वेलांटी, च, काना आणि पुढची मोकळी जागा मिळून ९ खुणा वाढल्या. आता काकांची आज्ञा जशीच्या तशी पाळली तर अनुस्वार जाऊन बसेल ‘रात्रीचा’मधल्या च च्या डोक्यावर! म्हणून यंत्रणा काकांची आज्ञा पोचता पोचता बदलते. सातात नऊ मिळवते, सोळाव्या खुणेनंतर अनुस्वार घालते, आणि सगळ्यांच्या पडद्यावर ‘रात्रीचा पाऊस थांबला होता’ असंच वाक्य दिसतं. काकांनी मला काही विचारलेलं नाही, मी काकांना काही सांगितलेलं नाही. प्रत्येकाची आज्ञा दुसऱ्याच्या कामाची दखल घेऊन स्वतःला सावरून घेते.

या युक्तीला ‘ऑपरेशनल ट्रान्सफॉर्मेशन’ म्हणतात आणि ती १९८९ साली क्लॅरेन्स एलिस आणि सायमन गिब्ज या दोघांनी मांडली. एलिस हे संगणकशास्त्रात पीएच.डी. मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन. इंटरनेट घराघरांत पोचायच्या कितीतरी आधी त्यांनी हा विचार करून ठेवला होता! गूगल डॉक्सची यंत्रणा याच विचारावर उभी आहे. २००५ साली रायटली नावाचं एक छोटं ऑनलाइन लेखनसाधन निघालं, २००६ साली गूगलनं ते विकत घेतलं आणि त्यातूनच आजचं डॉक्स आलं. त्याच २००५ साली आपल्या चेन्नईच्या मंडळींनी झोहो रायटरही आणलं होतं.

मुळाशी जायचं तर आणखी मागे जावं लागतं. ९ डिसेंबर १९६८ या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्ट नावाचा संशोधक सुमारे हजार संगणकतज्ज्ञांसमोर बसला आणि दीड तासात त्यानं माउस दाखवला, दुव्यांनी जोडलेला मजकूर दाखवला, आणि तिथून पन्नासेक किलोमीटरवर मेन्लो पार्कला बसलेल्या सहकाऱ्याला पडद्यावर बोलावून दोघांनी एकाच मजकुरावर काम केलं. त्यानं बाजारहाटाची यादीसुद्धा पडद्यावर घेतली होती. १९६८! एंगलबार्टच्या मनात टंकयंत्राला पर्याय शोधायचं नव्हतंच. त्याचं म्हणणं असं, की जगापुढचे प्रश्न एकट्याच्या डोक्याला पेलणारे राहिलेले नाहीत, तेव्हा माणसांच्या गटाची मिळून विचार करायची ताकद वाढवली पाहिजे. बाईंची तेरड्याची शेंग बघितल्यावर मला तो काय म्हणत होता ते कळलं.

मराठीत काम करणाऱ्यांना मात्र या दारातून आत जाण्याआधी एक उंबरठा ओलांडावा लागतो, तो फॉन्टचा. आपल्याकडे छपाईचं बरंचसं काम वर्षानुवर्षं जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत झालं. त्या फॉन्टांनी मराठी छपाईला मोठा हात दिला, हे विसरता कामा नये. पण तो मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला की अगम्य रोमन चिन्हं दिसतात, आणि सामायिक फायलीत तर तो टिकतच नाही. म्हणून आम्ही पहिल्याच आठवड्यात ठरवलं, येणारा प्रत्येक मजकूर आधी युनिकोडमध्ये. जुन्या फॉन्टातला लेख आला की परिवर्तकातून काढायचा आणि काकांनी एकदा डोळ्यांखालून घालायचा, कारण जोडाक्षरं आणि रफार तिथे हटकून घसरतात. इनडिझाइनमध्ये युनिकोड मराठी घेतल्यावर ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे जाते अशी दादाची जुनी तक्रार होती. परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडल्यावर ती मिटली. आणि फॉन्टांची चणचण आता मुळीच राहिलेली नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’नं केलेला ‘मुक्ता’ घ्या, फुकट आहे, पडद्यावर आणि कागदावर दोन्हीकडे स्वच्छ वाचता येतो.

हातानं लिहिणारे लेखक आमच्याकडे अजून आहेत, आणि ते तसेच राहोत. त्यांचं हस्तलिखित आलं की आमची एक मुलगी ते समोर धरून मोठ्यानं वाचते आणि फोनमधला आवाजावरून टंकणारा कळफलक ते मराठीत उतरवत जातो. विरामचिन्हं मागाहून घालावी लागतात, गावरान बोलीतले संवाद हातानं दुरुस्त करावे लागतात, तरी टंकून घेण्यापेक्षा फार लवकर होतं. जुन्या अंकातला एक छापील लेख पुनर्मुद्रणासाठी हवा होता, तर त्याचे फोटो ड्राइव्हवर चढवून डॉक्समध्ये उघडले. खाली मजकूर तयार! देवनागरी छापील अक्षरं ते साधन इतकी नेटकी ओळखेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

आता डमीबद्दल सांगते, कारण माझा सगळ्यात जास्त जीव तिथे जडलाय. डमी म्हणजे अंकाच्या पानांचा आराखडा, कुठल्या पानावर काय येणार याचा. आमच्याकडे ती दुमडलेल्या कोऱ्या कागदांची असायची, संपादकांच्या टेबलावर, पेन्सिलीनं लिहिलेली. अंक १९२ पानांचा, म्हणजे १६ पानांचा एक याप्रमाणे १२ फर्मे. त्यातले काही रंगीत, बाकीचे कृष्णधवल. एखादी कथा दोन पानांनी वाढली की पुढची सगळी पानं सरकतात, आणि रंगीत जाहिरात जाऊन पडते कृष्णधवल फर्म्यात. हे कळणार कधी, तर दादा पानं लावायला बसेल तेव्हा. तोवर जाहिरातदाराला पान कबूल करून झालेलं असतं.

यंदा डमी एका सामायिक शीटमध्ये गेली. एका ओळीत एक पान. पानाच्या आकड्याला १६ ने भागून वरचा पूर्णांक घेतला की फर्म्याचा आकडा आपोआप येतो. शेजारच्या रकान्यांत मजकूर, लेखक, चित्र, जाहिरात, आणि त्या फर्म्याचा रंग. रंगीत जाहिरात कृष्णधवल फर्म्यात गेली की ती ओळ लाल होते. एवढंच! एका ललित लेखाची पानं वाढली तेव्हा मी घरी होते, सर प्रवासात होते, जाहिरातींचं बघणारी ताई एजन्सीत बसली होती. ओळ लाल झाली. ताईनं तिथूनच लिहिलं की या जाहिरातदारांना मलपृष्ठाच्या आतली बाजू मोकळी आहे, विचारते. सरांनी एक छोटी कविता पुढे सरकवली आणि पानं पुन्हा जुळली. छापखान्याच्या मालकांना ती शीट फक्त बघण्यापुरती उघडून दिली होती. कुठला फर्मा पक्का झाला ते त्यांना आमच्याइतकंच दिसत होतं, म्हणून कागदाची मागणी त्यांनी वेळेत नोंदवली. ‘पानं कधी?’ हा फोन बंद झाला तो यामुळे.

शीटमधली आणखी एक सोय आवर्जून सांगण्यासारखी आहे, ‘फिल्टर व्ह्यू’. ताईला फक्त जाहिरातींची पानं बघायची असतात, चित्रकाराला फक्त चित्रांची. साधा फिल्टर लावला तर बाकीच्यांच्या पडद्यावरच्याही ओळी गायब होतात. फिल्टर व्ह्यूमध्ये प्रत्येकाला आपापलं दिसतं आणि दुसऱ्याचं काही हलत नाही. अनेकांनी मिळून शीट वापरायची असेल तर हे पहिल्या दिवशी शिकून घ्या.

आणि ट्रेलो. २०११ साली निघालेलं हे साधन म्हणजे एक फळा, त्यावर रकाने, रकान्यांत चिठ्ठ्या. आमचे रकाने होते: मागवलं, आलं, संपादन, पहिलं प्रूफ, लेखकाकडे, मांडणी, छपाईला. प्रत्येक लेखाची एक चिठ्ठी, तिच्यावर ज्याच्या हातात तो लेख आहे त्याचं नाव. कल्पना मूळची टोयोटाच्या मोटार कारखान्यातली, ताइइची ओनो यांनी रुजवलेली. पुढच्या टप्प्यावरून मागणी आल्याशिवाय मागच्यानं माल ढकलायचा नाही. फळा लावल्यावर पहिल्याच दिवशी आम्हाला जे दिसलं त्यानं सगळे थक्क झाले. ‘पहिलं प्रूफ’ या रकान्यात चिठ्ठ्यांची रांग खालपर्यंत गेलेली! काका एकटे, आणि आम्ही सगळे त्यांच्या अंगावर लेख लोटतोय.

इथे एक गणित उपयोगी पडलं. जॉन लिटल या अमेरिकन अभ्यासकानं १९६१ साली ते सिद्ध केलं, आणि ते चौथीतल्या मुलालाही समजेल. एका टप्प्यावर २४ लेख पडलेत आणि रोज ३ बाहेर पडतात, तर प्रत्येक लेख सरासरी ८ दिवस तिथे अडकणार. तोच ढीग ६ लेखांचा ठेवला, तर काकांचा वेग तसूभरही न वाढवता लेख २ दिवसांत पुढे जातो. म्हणून आम्ही मर्यादा घातली. प्रूफाच्या रकान्यात ठरावीक चिठ्ठ्यांच्या वर जायचं नाही. रकाना भरला की संपादन करणाऱ्यांनी नवा लेख हाती न घेता काकांचा भार हलका करायचा, संदर्भ तपासायचे, लेखकांच्या शंका मिटवायच्या. कामं कमी हातात घेतली आणि ती जास्त झाली! हे वाक्य मला कुणी गेल्या वर्षी ऐकवलं असतं तर मी मान्य केलं नसतं. फळ्यावर रोज बघितल्यावर मान्य न करून सांगते कुणाला?

व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर काम चालवणाऱ्यांना मी कळकळीनं सांगेन, तो ग्रुप निरोपासाठी ठेवा, कामासाठी नको. तिथे दुरुस्ती, शुभेच्छा, फोटो, निर्णय सगळं एका ओघात वाहून जातं, आणि आठवड्यानं ‘ते शीर्षक काय ठरलं होतं?’ म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. समासातली टिप्पणी ज्या शब्दाबद्दल आहे त्या शब्दालाच चिकटून राहते. प्रश्न सुटला की ती मिटते, पण नोंद राहते. एखाद्याचं नाव घालून टिप्पणी सोपवली की त्याला मेल जातो, बाकीचे शांतपणे आपलं काम करत राहतात. आम्ही दर सोमवारी घ्यायचो ती ‘कुठवर आलं’ची बैठक आपोआप बंद पडली. आता बसतो ते मुखपृष्ठ, कथांचा क्रम, अग्रलेखाचा सूर अशा गोष्टींवर बोलायला, आणि त्या बैठका इतक्या रंगतात की वेळेचं भान राहत नाही.

सगळ्यात मोठा बदल मात्र मनाचा झालाय. डॉक्समध्ये मजकुराची संपूर्ण आवृत्ती-नोंद राहते. कुणी, कधी, काय बदललं ते दिसतं आणि हव्या त्या जुन्या रूपावर परत जाता येतं. बाईंनी एक परिच्छेद काढून टाकला होता, दोन आठवड्यांनी त्यांना तो परत हवासा वाटला, आणि तो जसाच्या तसा मिळाला. काहीच कायमचं नाहीसं होत नाही म्हटल्यावर माणसं मोकळेपणानं धाडस करतात. नवी मुलगी, जिला लेखाला हात लावायची भीती वाटायची, ती आता बिनधास्त सुचवते. नाकारलं तर नाकारलं, लेख तर शाबूत आहे. आणि लेखकाचा मान कधी नव्हे इतका राखला जातो, कारण त्याच्या मजकुरात झालेला प्रत्येक बदल त्याच्या डोळ्यांसमोर आणि त्याच्या संमतीनं होतो. मासिक ‘मनोरंजन’नं १९०९ साली दिवाळी अंक काढून ही परंपरा सुरू केली. त्या काळापासून लेखकाला बऱ्याचदा छापील अंक हातात पडल्यावरच कळत आलंय की आपल्या वाक्याचं काय झालं. ते आता व्हायचं कारण उरलेलं नाही.

शेवटचं प्रूफ आम्ही आजही कागदावर वाचतो आणि वाचत राहणार. पडद्यावर सुटलेली चूक कागदावर सापडते, कवितेच्या ओळींमधली मोकळी जागा कागदावरच कळते. इंटरनेट गेलं तर काय, असं बरेच जण विचारतात. फाइल ऑफलाइन वापरासाठी आधी उघडून ठेवली तर लिहिणं चालू राहतं आणि जोडणी आली की सगळं मिळतं. खातं मात्र कुणा एकाच्या नावाचं नको, अंकाच्या नावाचं काढा, आणि आठवड्याला एकदा सगळं उतरवून आपल्या डिस्कवर ठेवा.

हे दिवाळी अंकापुरतं नाही. तुमचं ग्रंथालय असेल, नाट्यसंस्था असेल, शाळेचा वार्षिक अंक असेल, सोसायटीचा हिशेब असेल, शेतकरी कंपनीची मालाची नोंद असेल, जिथे जिथे काम एका हातातून दुसऱ्या हातात जातं तिथे हे करून बघा. मोठं काही नको. एक शीट उघडा, कामाचे टप्पे रकान्यांत लिहा, सगळ्यांना परवानगी द्या आणि दोन आठवडे प्रत्येक गोष्ट फक्त तिथेच नोंदवा. आणि जे अंक काढतात त्यांना एक खास विनंती: पुढच्या अंकाचा पहिला लेख आला की तो मेलवर पुढे ढकलू नका, लेखकालाच त्या फायलीत बोलवा. बाकीचं तुमचं तुम्हाला दिसेल.